सिंह दिसला की लहान होतो

१९५९ सालच्या डिसेंबरात ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांनी रेडिओ नाटककार लान्स सिव्हकिंग यांना एक लहानसं पत्र लिहिलं. सिव्हकिंग यांनी ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ या लुईसच्या मुलांसाठीच्या पुस्तकाची, म्हणजे कपाटातून नार्निया नावाच्या अद्भुत जगात जाणाऱ्या चार भावंडांच्या गोष्टीची, सहा भागांची श्रुतिका केली होती. बीबीसीच्या ‘चिल्ड्रन्स अवर’ या मुलांच्या कार्यक्रमात ती त्याच वर्षी लागली होती. सगळे भाग ऐकायला लुईसना सवड झाली नव्हती, पण जेवढं कानावर पडलं ते त्यांना पसंत होतं. श्रुतिका परदेशात ऐकवायलाही त्यांची ना नव्हती. टेलिव्हिजनला मात्र त्यांनी साफ नकार दिला. माणसासारखे बोलणारे-वागणारे प्राणी गोष्टीतून उचलून डोळ्यांपुढे उभे केले, की त्यांचं एक तर विदूषकी सोंग होतं नाही तर भयस्वप्न, असं त्यांचं म्हणणं. कार्टून असेल तर गोष्ट वेगळी. पण डिस्नीच्या प्रतिभेत एवढा सवंगपणा कालवलेला नसता तर! आणि कुणी माणूस सिंहाचं कातडं पांघरून अस्लन, म्हणजे या गोष्टीतला सिंह, म्हणून वावरू लागला, तर आपल्या लेखी ती ईश्वरनिंदा.

चार वर्षांनी, नोव्हेंबर १९६३ मध्ये, लुईस वारले. त्यानंतर आणखी चार वर्षांत ब्रिटनच्या आयटीव्ही या वाहिनीवर अस्लन अवतरला, आणि तो सिंहाच्या वेषातला एक अभिनेताच होता. २००५ साली अस्लन मोठ्या पडद्यावर आला तेव्हा सुरुवातीला ज्या कंपनीचं नाव झळकलं ती डिस्नी. गेलेल्या माणसाचा शब्द इतक्या तंतोतंत मोडलेला क्वचितच पाहायला मिळतो.

पण लेखकाची शेवटची इच्छा म्हणून तो शब्द पाळायला हवा होता, असा माझा आग्रह नाही. आपल्याच गोष्टीबद्दल लेखकाचे अंदाज चुकतात, आणि लुईसचेही काही चुकले. त्याकडे पुढे येतोच. मला पत्रातला मुद्दा तपासून पाहायचा आहे, कारण तपासायला लागणारा पुरावा त्यांच्याकडे नव्हता आणि आपल्याकडे आहे. या एका पुस्तकाच्या दोन टीव्ही मालिका झाल्या, एक ॲनिमेशनपट झाला, एक प्रचंड खर्चाचा चित्रपट झाला आणि किमान तीन श्रुतिका झाल्या. सगळं समोर मांडून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की या गोष्टीच्या सर्वांत जवळ श्रुतिका पोचल्या. ते काही योगायोगाने घडलं नाही. पुस्तकाची घडणच तशी आहे. आणि मुलांसाठी श्रुतिका करणं हळूहळू थांबवून आपण जे गमावलं, त्याची भरपाई कितीही कोटींच्या पडद्याने होणार नाही.

आधी पुस्तकाच्या घडणीबद्दल.

अस्लन हा या पुस्तकाचा नायक. सतरा प्रकरणांच्या या पुस्तकात तो समोर येतो थेट बाराव्या प्रकरणात. त्याचं नाव मात्र सातव्यातच येतं. चार भावंडं बर्फाळ जंगलात उभी आहेत आणि एक बोलणारा बीव्हर (नदीवर बांध घालणारा केसाळ प्राणी) दबक्या आवाजात सांगतो, की अस्लन निघाला आहे म्हणतात. अस्लन म्हणजे कोण, हे मुलांना ठाऊक नाही. तो सिंह आहे हेही ठाऊक नाही. तरी ते नाव कानी पडताच प्रत्येकाच्या आत काहीतरी हलतं. एडमंडला अनामिक धास्ती वाटते. पीटरला अंगात बळ आल्यासारखं होतं. सुझनला एखादा सुवास किंवा सुरावट जवळून तरंगत गेल्यासारखी वाटते. आणि लूसीला सकाळी जाग येताच आजपासून सुट्टी लागली हे आठवावं, तसं होतं. सिंहाचा आयाळ, पंजा, डोळे यांपैकी काहीही दिसायच्या आधी तीन-चार अक्षरांच्या एका ध्वनीने हे काम केलेलं असतं. (हे नाव लुईसना ‘अरेबियन नाइट्स’च्या लेनकृत भाषांतराच्या टिपांत सापडलं. तुर्की भाषेत अस्लन म्हणजे सिंहच.)

कपाटातून नार्नियात जाण्याचा प्रसंग घ्या. सगळ्यांना आठवतो तो प्रसंग म्हणजे बर्फातला दिवा आणि छत्री घेतलेला फॉन, म्हणजे वरून माणूस आणि खाली बोकडाचे पाय असलेला प्राणी. पण त्याच्या आधीचा परिच्छेद काळोखात घडतो. लूसी फरच्या कोटांमधून वाट काढत पुढे सरकते. पायाखाली काहीतरी कुरकुरतं. डांबराच्या गोळ्या असतील असं वाटून ती वाकून चाचपडते, तर हाताला भुसभुशीत आणि गारढोण काहीतरी लागतं. मग गालांना कोटांच्या मऊ फरऐवजी काहीतरी खरखरीत टोचतं. एक जग संपून दुसरं सुरू होतं ते पायाला, हाताला, गालाला आणि कानाला आधी कळतं. डोळ्यांचा नंबर शेवटी लागतो.

आणि सिंह प्रत्यक्ष भेटतो तेव्हा? मुलं त्याच्या चेहऱ्याकडे पाहू जातात. सोनेरी आयाळ आणि गंभीर, राजस डोळे यांची ओझरती झलक मिळते, आणि पुढे त्यांना पाहवतच नाही. अंगाला कापरं भरतं. एकच गोष्ट एकाच वेळी चांगली आणि भयंकर असू शकत नाही असं नार्नियात न गेलेल्यांना वाटतं, असं लुईस तिथे म्हणतात. नेमकं हेच कॅमेऱ्याला जमत नाही. त्याला नजर खाली घालता येत नाही, कापरं भरत नाही. तो सिंहाकडे टक लावून पाहत राहतो. चौथ्या मिनिटाला आपल्यालाही त्या सिंहाची सवय होते.

पुस्तकात न पाहण्याचे प्रसंग आणखीही आहेत. चेटकिणीच्या फौजेतल्या अक्राळविक्राळ प्राण्यांची यादी देता देता निवेदक मध्येच थांबतो. यापुढचे प्राणी मी वर्णन करत नाही, म्हणतो. केले तर घरची मोठी माणसं बहुधा तुम्हाला हे पुस्तक वाचू देणार नाहीत. आणि दगडी चौथऱ्यावर बांधलेल्या अस्लनवर चेटकीण सुरा उगारते त्या क्षणी दोघी बहिणींनी डोळे झाकून घेतलेले असतात, म्हणून वाचकालाही तो घाव दिसत नाही. पुस्तकाच्या सर्वांत भयंकर जागी लेखकाने पडदा टाकला आहे. पडद्यावरच्या माध्यमाने तिथे काय करायचं?

आता एकेक रूपांतर पाहू.

१९६७च्या मालिकेबद्दल फार बोलता येत नाही. कृष्णधवल, वीस-वीस मिनिटांचे दहा भाग; त्यातले दोनच आज शिल्लक आहेत. त्या काळी फिती पुसून पुन्हा वापरायची रीत होती, आणि मुलांचे कार्यक्रम पुसताना कुणाचा हात थरथरत नसे.

१९७९चा ॲनिमेशनपट मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण लुईसने सोडलेली एकमेव फट हीच होती: कार्टून असेल तर गोष्ट वेगळी. दिग्दर्शक बिल मेलेंडेझ. चार्ली ब्राउन या व्यंगचित्रातल्या मुलाचे टीव्हीपट करणारे तेच. अमेरिकेत तो दोन रात्रींत दाखवला गेला आणि त्याला एमी पुरस्कारही मिळाला. त्यातला सिंह विदूषकी नाही आणि भयस्वप्नही नाही. तो नुसता काढलेला सिंह आहे. त्याच्याकडे पाहून हसू येत नाही, कापरंही भरत नाही. एका रंगीत आकृतीतून आवाज येतो, एवढंच. म्हणजे लुईसचा अंदाज इथे चुकला. रेघ वापरली म्हणजे आपोआप सुटका होते असं नाही. खुद्द पुस्तकात पॉलीन बेन्स यांनी काढलेली चित्रं आहेतच आणि त्यांत अस्लनही आहे. पण ती शाईची, पानाच्या कोपऱ्यात मावणारी, हलत-बोलत नसलेली चित्रं. वाचणारा त्यांच्यावर क्षणभर टेकतो आणि पुढे जातो. मेलेंडेझचा सिंह चालतो, वळतो, तोंड हलवतो, आणि प्रत्येक हालचालीसरशी आपल्या मनातल्या सिंहाची एकेक शक्यता खोडत जातो.

या ॲनिमेशनपटात अस्लनचा आवाज होता स्टीफन थॉर्न यांचा. पुढे बीबीसी रेडिओ फोरने १९८८ ते १९९७ या काळात नार्नियाच्या मालिकेतल्या सातही पुस्तकांच्या श्रुतिका केल्या, रूपांतर ब्रायन सिब्ली यांचं. त्यातही अस्लन थॉर्नच. एकच माणूस, तोच खर्जातला भरदार आवाज, एकदा चित्रासकट आणि एकदा चित्राशिवाय. रूपांतरांची तुलना करताना नेहमीची अडचण अशी, की नट वेगळे, काळ वेगळा, पैसा वेगळा, मग फरक नेमका कशाचा म्हणायचा? इथे आवाज तोच असल्यामुळे निदान एक घटक तरी स्थिर आहे. मी दोन्ही एका आठवड्यात ऐकली-पाहिली. ॲनिमेशनमध्ये थॉर्न यांचा आवाज त्या रंगीत सिंहाला मोठा होतो; थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यासारखा. रेडिओवर तोच आवाज येतो तेव्हा आपलं मन त्या आवाजाच्या मापाचा सिंह तयार करतं. मी तयार केलेला सिंह नेमका कसा होता, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याचं तोंड मला दिसलंच नाही. तो खोलीत मावत नव्हता, एवढं आठवतं.

१९८८चीच बीबीसीची टीव्ही मालिका हा आणखी मजेशीर नमुना. ‘मूळ पुस्तकाशी प्रामाणिक’ या शब्दप्रयोगाने जे काही म्हणायचं असतं, ते सगळं या मालिकेत आहे. सहा भाग, प्रसंगांचा क्रम जवळपास पुस्तकातलाच, संवादही बरेचसे पुस्तकातलेच. सिंह म्हणजे एक भलंमोठं यांत्रिक बाहुलं, आत दोन माणसं, आवाज रोनाल्ड पिकअप यांचा. बीव्हर पतिपत्नी म्हणजे केसाळ पोशाखात शिरलेले पुरे वाढलेले नट. उडणारे प्राणी हाताने चितारून छायाचित्रणावर चिकटवलेले. ब्रिटनमध्ये तेव्हा लहान असलेल्या पिढीचा या मालिकेवर फार जीव आहे. मी त्यांच्याशी भांडणार नाही. नाताळच्या आधी दर आठवड्याला एक भाग वाट पाहून बघायचा, यातला आनंद खरा आहे. पण पोशाखातले बीव्हर जेवायला बसतात तेव्हा लुईसचं ‘विदूषकी’ हे भाकीत शब्दशः खरं ठरतं, आणि सिंहाचा जबडा शब्दांमागून अर्धा क्षण उशिरा उघडतो तेव्हा दुसरंही. बार्बरा केलरमन यांची चेटकीण तर जवळजवळ प्रत्येक वाक्य ओरडून म्हणते. ही मालिका शब्दांशी प्रामाणिक राहिली आणि तरी गोष्ट हातातून निसटली, याचा अर्थ प्रामाणिकपणाची आपली मोजपट्टीच चुकली आहे. किती प्रसंग ठेवले आणि किती गाळले हे मोजून काही हाती लागत नाही. पुस्तक जिथे थांबतं तिथे तुम्ही थांबलात का, हे बघायला हवं.

त्या कसोटीवर २००५चा चित्रपट.

हा चित्रपट मी तुच्छतेने बाजूला सारणार नाही. दिग्दर्शक अँड्र्यू ॲडमसन ‘श्रेक’ करून आले होते, खर्च अठरा कोटी डॉलरच्या घरात, आणि तंत्र असं, की लुईसच्या पत्रातली दोन्ही भाकितं एका फटक्यात मोडीत निघाली. संगणकावर घडवलेला सिंह विदूषक नाही आणि भयस्वप्नही नाही. वाऱ्यावर त्याचा एकेक केस हलतो. टिल्डा स्विंटनची चेटकीण आवाज न चढवता गारठवते. १९८८च्या आरडाओरड्यानंतर हे पाहणं म्हणजे मोठा दिलासाच. आणि लूसीचा तो पहिला प्रवेश! लूसी झालेल्या जॉर्जी हेन्लीला बर्फाचा सेट आधी दाखवलाच नव्हता. डोळे बांधून तिला तिथे नेलं आणि चित्रीकरण सुरू झाल्यावर पाहू दिलं. पडद्यावर दिसतो तो तिचा खरा चेहरा. या साऱ्या चित्रपटातला मला सर्वांत प्रिय क्षण तोच, आणि त्यात कुठलाही अद्भुत प्राणी नाही. एक मुलगी काहीतरी पाहते आहे आणि आपण तिला पाहतो आहोत. पडद्याची खरी ताकद माणसाच्या चेहऱ्यात आहे, आणि अद्भुत गोष्ट दाखवायची तर ती पाहणाऱ्याचा चेहरा दाखवणं हा मार्ग होता. ॲडमसनना तो सापडलाही होता. अस्लनच्या वेळी त्यांनी तो सोडून दिला.

कारण त्यांच्याकडे सिंह होता. इतक्या खर्चाने, इतक्या माणसांनी इतके महिने राबून घडवलेला सिंह पडद्याबाहेर ठेवायचा, हे कोणत्या निर्मात्याला परवडेल? म्हणून तो दिसतो. उन्हात, समोरून, बाजूने, जवळून. देखणा आहे. लियाम नीसनच्या समजूतदार आवाजात बोलतो. आणि वन्यजीवांवरच्या माहितीपटात शोभेल इतका खरा आहे. इथे एक तिसरंच अपयश समोर येतं, जे लुईसच्या कल्पनेत नव्हतं. पुस्तकात बीव्हर म्हणतो, की अस्लनपासून धोका नाही असं कुणी सांगितलं? पण तो चांगला आहे. चित्रपटातल्या सिंहापासून धोका वाटत नाही. खऱ्या सिंहाची इतकी चित्रं आपण पाहिली आहेत, की हुबेहूब सिंह ही आपल्यासाठी ओळखीची, म्हणूनच निर्धास्त गोष्ट झाली आहे. पुनरुज्जीवनानंतर अस्लन दोघी बहिणींशी दंगामस्ती करतो, तेव्हा आपण वादळाशी खेळलो की मांजराच्या पिल्लाशी, हे लूसीला कधीच ठरवता आलं नाही, असं पुस्तकात आहे. पडद्याला ते ठरवावंच लागतं. दोन्ही एकदम दाखवेल असं संगणकीय तंत्र अजून निघालेलं नाही.

युद्धाचंही तेच. पुस्तकात बहिणी रणांगणावर पोचतात तेव्हा लढाई संपत आलेली असते. काही ओळींत विषय मिटतो आणि बाकीचं पीटर नंतर सांगतो. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांना तर लुईसने एका वाक्यापेक्षा जास्त जागा दिली नाही. चित्रपटात सुरुवातच विमानं आणि बॉम्ब यांनी होते, आणि शेवटची लढाई म्हणजे चित्रपटाचा कळस. आपण पुस्तकापेक्षा पुस्तकाच्या बालपणीच्या आठवणीवर चित्रपट केला, असं ॲडमसन सांगत. हे उत्तर मला फार प्रांजळ वाटतं, आणि त्यातच माझा मुद्दा आहे. पुस्तकाने दोन-चार ओळीच लिहिल्या होत्या, म्हणून तर एका मुलाच्या डोक्यात एवढी मोठी लढाई उभी राहिली. ती पडद्यावर आणल्यावर पुढच्या मुलांच्या डोक्यात उभं करायला काय उरलं?

श्रुतिकांचं मी उगाच कौतुक करतो आहे असं वाटू नये, म्हणून त्यांचे दोषही सांगतो. रेडिओ नाटकाचा जुना रोग म्हणजे पात्रांनी डोळ्यांपुढचं दृश्य एकमेकांना वाचून दाखवणं: ‘अरे बघ, तो भला थोरला सिंह आपल्याच दिशेने येतो आहे!’ असं जिवंत माणूस बोलत नाही. सिब्ली यांनी यावर उपाय काढला तो निवेदकाचा. मॉरिस डेनम यांनी केलेला म्हातारा प्रोफेसर गोष्ट सांगतो, त्यामुळे वर्णनाचं ओझं पात्रांवर पडत नाही आणि लुईसचा तो मिश्कील, मध्येच वाचकाशी बोलणारा स्वर टिकतो. पडद्यावरच्या एकाही रूपांतरात हा स्वर मला सापडला नाही, आणि माझ्या मते अर्धं पुस्तक त्या स्वरातच आहे. दुसरी सातही पुस्तकांची मालिका ‘फोकस ऑन द फॅमिली’ या अमेरिकी ख्रिस्ती संस्थेने केली. निवेदक पॉल स्कोफील्ड. अस्लन झाले आहेत डेव्हिड सुशे, टीव्हीवरच्या पॉयरो या गुप्तहेराच्या भूमिकेमुळे घरोघरी ओळखीचे. अभिनय उत्तम, ध्वनी भरगच्च. पण भरगच्चपणा हाच तिचा दोष. प्रत्येक भावनेच्या आधी वाद्यवृंद दाराशी हजर असतो. चित्रपटाचा साउंडट्रॅक चित्राविना ऐकतो आहोत असं वाटू लागतं. म्हणजे रेडिओलाही सगळं ‘दाखवायचा’ मोह आवरत नाही. श्रुतिका करणाऱ्यालाही थांबता यावं लागतं.

आवाजसुद्धा सिंहाला मर्यादा घालतोच की, असं कुणी म्हणेल. खरं आहे. थॉर्न यांचा आवाज ऐकल्यापासून माझ्या मनातला अस्लन दुसऱ्या आवाजात बोलत नाही. तरी उरलेला सगळा सिंह माझा राहिला, हा हिशेब मला मान्य आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी श्रुतिका हे उत्तर नाहीच. त्यांच्यासाठी पडदा हवा, चांगला हवा, आणि तो लूसीच्या चेहऱ्यासारखा विचार करणारा हवा. पडदा बंद करा असं माझं म्हणणंच नाही. सध्या पारडं एकाच बाजूला जमिनीला टेकलं आहे, ही माझी तक्रार.

ते किती टेकलं आहे, हे एका साध्या मोजणीतून दिसतं. नार्नियाची पुस्तकं सात. दोन रेडिओ मालिकांनी सातच्या सात पूर्ण केली. पडद्यावर आजवर एकही मालिका सातापर्यंत पोचलेली नाही. बीबीसी टीव्ही चारांवर थांबली. २००५च्या चित्रपटाने जगभरात चौऱ्याहत्तर कोटी डॉलरहून जास्त कमावले. मग २००८चा दुसरा चित्रपट त्याहून मोठा करणं भाग पडलं, त्यात मूळ पुस्तकात नसलेला किल्ल्यावरचा रात्रीचा हल्ला घातला गेला, खर्च वीस कोटींच्या पुढे गेला आणि कमाई मात्र खाली आली. डिस्नीने अंग काढून घेतलं. २०१०चा तिसरा दुसऱ्या स्टुडिओने काढला आणि गाडी थांबली. मुलांना गोष्टीचा शेवट पडद्यावर मिळालाच नाही. जे माध्यम दाखवण्यावर जगतं त्याला दर वेळी आधीपेक्षा जास्त दाखवावं लागतं, आणि तो खर्च एके दिवशी गोष्टीलाच गिळतो. रेडिओवर नवं जग उभं करायला एक चांगला नट, एक दार करकरल्याचा आवाज आणि थोडी शांतता पुरते. या काटकसरीमुळेच तिथे शेवटच्या पुस्तकापर्यंत जाता येतं.

आणि हे माध्यम मुलांपासून आपणच काढून घेतलं. ‘चिल्ड्रन्स अवर’ मार्च १९६४ मध्ये बंद झाला. मुलं आता टीव्ही पाहतात, हे कारण. २००९ मध्ये रेडिओ फोरने ‘गो फॉर इट’ हा मुलांचा कार्यक्रमही थांबवला. तो ऐकणाऱ्यांत मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त आहेत, असं लक्षात आलं होतं. मला या कारणाचं हसू येतं. फक्त मुलांनाच आवडते ती मुलांची गोष्ट वाईट, असं लिहून ठेवणारा माणूस लुईसच. मोठी माणसं ऐकत होती ही तक्रार होऊ शकते? मुलांपर्यंत ते का पोचत नव्हतं, कोणत्या वेळी लागत होतं, हे प्रश्न विचारायला हवे होते. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या प्रसारण संस्थेचं काम बाजार जे करणार नाही ते करणं आहे, आणि मुलांसाठीची श्रुतिका बाजार सहसा करत नाही. तिच्यातून खेळणी विकता येत नाहीत; सिंह कसा दिसतो हेच ठरलेलं नसेल तर खेळण्याचा साचा कशाचा पाडणार?

क्रमाचीही एक गोष्ट आहे. मी चित्रपट आधी पाहिला, पुस्तक नंतर वाचलं, श्रुतिका सर्वांत शेवटी ऐकल्या. पुस्तक वाचताना प्रत्येक पानावर नीसनचा सिंह उभा होता. माझा सिंह मला थॉर्न यांच्या आवाजातून, तोही कष्टाने, परत मिळवावा लागला. उलट क्रमाने गेलेल्या मित्रांशी बोललो तर ते म्हणतात, चित्रपट पाहून त्यांचं काही बिघडलं नाही. सिंह आवडला, पण तो ‘खरा’ नव्हता. आधी ऐकलेलं नंतर पाहिलेल्याला पुरून उरतं, उलट मात्र क्वचित होतं. घरात किंवा शाळेत मुलाला ही गोष्ट पहिल्यांदा कोणत्या दारातून द्यायची, हे ठरवणाऱ्या मोठ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

नार्नियाचे हक्क २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने घेतले. दिग्दर्शिका ग्रेटा गेरविग यांनी सुरुवातीला निवडलं आहे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’, आजवर पडद्यावर न आलेलं पुस्तक, आणि चित्रपट आयमॅक्सच्या अवाढव्य पडद्यासाठीही होतो आहे. त्या पुस्तकात नार्नियाचा जन्म होतो. मुलं एका पूर्ण रिकाम्या जगात येऊन पडतात. मिट्ट काळोख. तारा नाही, वारा नाही. भीती घालवायला सोबतचा घोडागाडीवाला एक स्तोत्र म्हणतो. मग पुन्हा शांतता. मग दूर कुठेतरी एक आवाज गाऊ लागतो. तो कोणत्या दिशेने येतो हे कळत नाही, त्यात शब्द नाहीत, चाल आहे की नाही हेही सांगता येत नाही. पुढे एकाएकी हजारो तारे उजळतात, हळूहळू क्षितिज फिकट होतं, सूर्य वर येतो, आणि तेव्हा कुठे दिसतं की गाणारा एक सिंह आहे.

हा प्रसंग लुईसने जणू रेडिओसाठीच लिहिला आहे. गेरविग यांच्याकडे जगातला सर्वांत मोठा पडदा असेल. तो त्या काळोखात किती वेळ काळा ठेवायची त्यांची तयारी आहे, याकडे माझं लक्ष आहे. अर्धं मिनिट ठेवला तरी मी तिकिटाचे पैसे वसूल झाले समजेन. दोन मिनिटं ठेवला, तर वरचं बरंचसं लिखाण मला मागे घ्यावं लागेल.